आजोबांच्या पेटीतली बिनगोंड्याची लाल टोपी

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पाथरीचं घर आवरायला काढलं. माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत उर्दूतले कागद, चष्म्याची एक काडी, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल टोपी. लाल म्हणजे आता विटकरीच. पालथं घातलेलं फुलपात्र असावं तसा आकार. वर सपाट, कड नाही, आणि शिवण नाही. शिवण कुठेच नाही हे दोनदा फिरवून बघितल्यावर लक्षात आलं. आत चामड्याची पट्टी, घामाने काळी पडलेली. चामडं आणि लोकर यांच्यामध्ये गवताच्या बारीक काड्यांची जाळी. माथ्यावर मधोमध बोराला असतो तेवढा देठ, त्याला काळ्या दोऱ्याचं टोक. गोंडा मात्र गायब.

आजोबा निजामाच्या राज्यात गिरदावर, म्हणजे महसूल खात्यातले अंमलदार होते. शेरवानी आणि ही टोपी घातलेला त्यांचा एक फोटो आहे, त्यात गोंडा कानावर लोंबताना स्पष्ट दिसतो. घरात सगळे 'रूमी टोपी' म्हणायचे. रूमी का? शिवणीशिवाय टोपी होते कशी? आणि कसर लागायला सुरुवात झालीय, काय करू? जाणकारांनी सांगा.

बखरीतला_बारगीर
छान धागा. 'रूमी'चं सोपं आहे. रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, कॉन्स्टँटिनोपल. ते तुर्कांनी १४५३ मध्ये घेतलं, पण नाव तेच राहिलं. आपल्या जुन्या कागदांत 'रूमशाम' वाचलं असेल, त्यातला हा रूम. म्हणजे रूमी टोपी = तुर्की टोपी. इंग्रजीतला फेझ, तुर्कीतला फेस, मोरोक्कोतल्या फेस शहरावरून आला. इजिप्तमध्ये हीच तरबूश आणि ट्युनिसमध्ये चेशिया, फक्त तिथली मऊ आणि बुटकी.

पण ती तुर्कांची जुनी टोपी आहे असं कुणी समजू नये. तुर्की दरबारात शतकानुशतकं पगड्याच होत्या. हुद्द्याप्रमाणे, धर्माप्रमाणे, धंद्याप्रमाणे वेगळी पगडी. लांबून माणूस ओळखता यायचा. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ साली जानिसारी ही सुलतानांची जुनी फौज मोडली, तोफा डागून अक्षरशः संपवली. नवी फौज उभी केली, तिला नवा पोशाख हवा होता. ट्युनिसहून आणलेल्या लाल टोप्या घातलेले खलाशी त्याच्या नजरेत भरले. मग १८२९ मध्ये फर्मान निघालं की सरकारी नोकरांनी पगडी सोडून फेस घालायचा. मौलवींना तेवढी पगडीची मुभा. गंमत म्हणजे हा नियम मेलेल्यांनाही लागू झाला. इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानांत थडग्याच्या दगडावर मृताचं शिरस्त्राण कोरलेलं असतं. आधीच्या दगडांवर पगड्या, आणि १८२९ नंतरच्या कारकून-पाशांच्या दगडांवर फेस, गोंड्यासकट. एयूपच्या टेकडीवर मी अर्धा दिवस हेच बघत हिंडलो, बायको कॉफी प्यायला निघून गेली.

तेव्हाच्या लोकांच्या लेखी फेस म्हणजे सुधारणा. मुसलमान, ग्रीक, अर्मेनियन, ज्यू, कचेरीत सगळ्यांच्या डोक्यावर एकच टोपी. पगडीवाल्यांनी नाकं मुरडली. शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत हीच टोपी मागासलेपणाची खूण ठरली. त्यावर नंतर लिहितो, आता जेवायला बोलावणं आलंय.

सरळसोट
माफ करा, पण निजामाच्या टोपीचं इतकं कौतुक कशाला? रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याचे फोटो बघा, डोक्यावर हीच टोपी. १९४८ च्या धामधुमीत माझ्या आजीच्या माहेरचं सगळं गाव रातोरात हद्द ओलांडून बार्शीकडे गेलं होतं. तिच्यासमोर कुणी लाल टोपीचं नाव काढलेलं तिला चालत नसे. शाळेच्या नाटकात मला फकिराचं काम होतं, तेव्हा लाल टोपी आणली तर तिने ती चुलीत घातली. पेटीत होती तिथेच राहू द्यायची.

गोदाकाठची
सरळसोट, तुमच्या आजींचं मी समजू शकते. आमच्याकडेही त्या वर्षाच्या आठवणी काही गोड नाहीत. पण आजोबा कुणाची बाजू म्हणून ती टोपी घालत नव्हते, कचेरीत जायला घालत होते. शेरवानी आणि रूमी टोपी हा तिथल्या नोकरदारांचा पोशाख होता, त्यात हिंदूही आले. कचेरीची भाषा उर्दू होती म्हणून ते उर्दू लिहीत, तसंच हे. घरी आले की खुंटीला टोपी आणि अंगात बाराबंदी. कौतुक करा असं म्हणत नाही, वस्तू काय आहे ते समजून घ्यायचंय.

सरळसोट
ठीक. वाचतोय.

वाळवंटी_कोकणी
गोदाकाठची, शिवणीच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे आहे. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष ट्युनिसला होतो. जुन्या शहरात सूक एश-शवाशीन नावाचा चेशियावाल्यांचा बाजार आहे, सतराव्या शतकातला. छपराखाली समोरासमोर लाकडी दुकानं, उंबऱ्यापाशी बसून माणसं टोप्या घासतायत. हा धंदा स्पेनमधून हाकललेल्या मुसलमानांनी तिथे आणून वाढवला. १६०९ मध्ये त्यांना देश सोडायला लागला, तेव्हा ते हातातली कला घेऊन आले.

ही टोपी कापडाची नसतेच, म्हणून शिवण नाही. बायका घरी बसून पांढऱ्या लोकरीची सुयांवर विणतात, ते काम मुख्यतः अरियानाकडे. विणलेली टोपी बघितली तर हसू येईल. मोठं ढगळ मोज्यासारखं काहीतरी, दोन डोकी मावतील एवढं. मग ती मेजेर्दा नदीकाठी एल बतानला जाते. तिथे गरम पाणी आणि साबण घालून तिला तुडवतात, कुटतात. लोकर आटते, टाके एकमेकांत घुसतात आणि जाड नमदा तयार होतो. आपण चुकून स्वेटर गरम पाण्यात धुतला की पोराच्या मापाचा होतो ना, तोच अपघात इथे मुद्दाम घडवायचा. नंतर काटे. एक काटेरी बोंड असतं, वाळलं की त्याचे आकडे ताठ होतात. ते टोपीवर घासून लव वर काढायची आणि कातरीने सारखी करायची. हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. मग रंगायला झघवानला, कारण तिथल्या झऱ्याचं पाणी रंगाला चांगलं म्हणतात. शेवटी परत बाजारात येऊन साच्यावर चढवणं, घासणं, विकणं. एक टोपी डोक्यावर यायच्या आधी चार गावं फिरून येते!

मी बसायचो त्या दुकानातला म्हातारा टोपीवर तळहात उलटा फिरवून बघायचा. हाताला अडलं की परत काट्याखाली. मी चांगली म्हणून बाजूला ठेवलेली टोपी त्याने दोनदा परत घेतली. तिसऱ्यांदा दिली, तेव्हा मला फरक काहीच कळला नाही. कोकणातल्या माणसाला लोकरीतलं काय कळणार म्हणा.

पण तुमची टोपी ताठ आणि उंच दिसते, आत काड्यांची जाळी आहे. म्हणजे ट्युनिसची चेशिया नव्हे. तिकडे अशा टोपीला 'स्तांबुली' म्हणतात.

चिंचोका
'तोच अपघात मुद्दाम घडवायचा' हे आवडलं. आमच्याकडे धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ते आठवलं. हेतू वेगळा, पण लोकरीला छळल्याशिवाय ती ऐकत नाही हे दोन्हीकडे खरं.

प्रागचा_पंत
वाळवंटी_कोकणी यांना पुस्ती. ती टोपी तुर्कस्तानची असेल असंही धरून चालू नका. एकोणिसाव्या शतकात फेस बनवण्याचं मोठं केंद्र होतं बोहेमियातलं स्ट्राकोनित्से, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज चेक प्रजासत्ताकात. ओटावा नदीकाठचं छोटंसं गाव. तिथल्या बहुतेक लोकांनी आयुष्यात तुर्क बघितला नसेल, पण घरोघरी बायका टोप्या विणायच्या आणि कारखान्यात त्या आटवून, रंगवून पूर्वेकडे जायच्या. गावच्या किल्ल्यात संग्रहालय आहे, त्यात या टोप्यांचं दालन आहे. माझ्यासारख्याला त्या गावात ओढ असायचं खरं कारण वेगळंच, सीझेड मोटारसायकली याच गावच्या. टोपी बघायला म्हणून गेलो आणि दोन तास मोटारसायकलींपुढे उभा राहिलो.

सुलतानाने इस्तंबूलमध्ये स्वतःचा कारखाना काढला होता, फेसहाने, गोल्डन हॉर्नच्या काठावर, १८३० च्या दशकात. कारागीर ट्युनिसहून आणले. तरीही ऑस्ट्रियन माल स्वस्त आणि एकसारखा, त्यापुढे निभाव लागणं कठीण. कारखान्याची इमारत आजही आहे, प्रदर्शनं भरतात.

बखरीतला_बारगीर
पंतांनी मुद्दा काढलाच आहे तर १९०८ सांगायलाच हवं. त्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने बोस्निया गिळल्याचं जाहीर केलं. इस्तंबूल पेटलं. ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार, बंदरावरच्या हमालांनी आणि पडाववाल्यांनी ऑस्ट्रियन जहाजांना हात लावायला नकार दिला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण सगळे घोषणा देतोय खरे, पण डोक्यावर ऑस्ट्रियाच आहे! लोकांनी रस्त्यात फेस काढून फाडले. पांढऱ्या नमद्याच्या साध्या टोप्या, मेंढीच्या कातड्याच्या टोप्या, जे मिळेल ते डोक्यावर आलं. १९०९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाने २५ लाख लिरा भरपाई कबूल केली, तेव्हा प्रकरण मिटलं.

पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली ती १९०५ च्या ऑक्टोबरात. तीनच वर्षांचं अंतर. आपल्याकडे कापड मँचेस्टरचं होतं हे निदान सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे 'राष्ट्रीय' टोपीच परक्याची निघाली.

नीलनदी
मी कैरोत सहा वर्षं काढली, नवऱ्याची नोकरी. इजिप्तचा किस्सा याहून आपल्या जवळचा आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की तरबूश परदेशातून आणायचा नाही, आपला कारखाना काढायचा. पैसे कुठून? प्रत्येकाकडून एक किर्श. किर्श म्हणजे त्यांचं बारकं नाणं. पोरं डबे घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि खरोखरच कारखाना उभा राहिला. 'किर्श योजना' असंच नाव. ओळखीचं वाटतं ना? आपल्या अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आणि त्यातून तळेगावला निघालेला काच कारखाना! मी हे तिथल्या शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, तुमच्याकडे टोपी सोडून काच का केली? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कैरोत तरबूश म्हणजे 'एफेंदी'. शिकलेला, कचेरीत बसणारा, पगारी माणूस. शेतकऱ्याच्या डोक्यावर तो नसे. १९५२ ची क्रांती झाली, राजा गेला आणि त्याच्या मागोमाग तरबूशही गेला.

घुरिया भागात मोजकी दुकानं उरलीत. मी भावासाठी एक करवून घेतला. दुकानात पितळेचे जाड साचे ओळीने मांडलेले, खाली आगीची धग. कारागीर फडक्याने डोक्याचं माप घेतो, त्या मापाचा साचा काढतो, ओला नमदा त्यावर चढवतो, वरून दुसरा साचा ठेवून मोठ्या स्क्रूचं चाक फिरवून दाबतो. भसकन वाफ येते, ओल्या मेंढीचा वास सुटतो. गोदाकाठची, तुमच्या टोपीत काड्यांची जाळी आहे ती इथेही बसवतात. टोपी ताठ राहते आणि डोक्याला वारा लागतो. आता गिऱ्हाईक कोण विचारलं, तर म्हणाला, अझहर या धर्मविद्यापीठाचे शेख आणि हॉटेलवाले. शेख लोक लाल टोपीभोवती पांढरं वस्त्र गुंडाळतात.

खमंग_कांदा
म्हणजे पावसात भिजली की टोपीची भाकरी?

नीलनदी
अगदी! म्हणून पूर्वी शहराशहरांत साच्यावर चढवून देणारी दुकानं असत, आपल्याकडे कपडे इस्तरीला टाकावेत तसं. पुण्यात पगडीबंद होते, तसलाच धंदा.

बखरीतला_बारगीर
गोंड्याचाही धंदा होता. सुरुवातीच्या फेसांना लांबलचक निळ्या रेशमाचे गोंडे असत. वारा सुटला की गुंता. इस्तंबूलच्या रस्त्यांवर पोरं फणी घेऊन उभी असत, दोन दमड्यांत साहेबांचा गोंडा विंचरून द्यायची. तुर्कीत मोठ्या कटकटीला 'पुस्कुल्लू बेला' म्हणतात, गोंडेवाली बला. ती यातूनच आली म्हणतात.

आता १९२५. तुर्कस्तानचा अध्यक्ष मुस्तफा कमाल (अतातुर्क) याने त्या ऑगस्टमध्ये दौऱ्यासाठी मुद्दाम कास्तामोनू निवडलं, सनातनी प्रांत. हातात पनामा हॅट. इनेबोलूला भाषणात सांगितलं की या सरपूशाला शापका म्हणतात. सरपूश म्हणजे डोक्यावरचं आवरण, आपल्या ताटावरच्या 'सरपोसा'चा सख्खा भाऊ. २५ नोव्हेंबर १९२५ ला टोपीचा कायदा झाला: हॅट घालायची, फेस बंद. रिझे, एर्झुरूमकडे दंगे झाले, फाशी झाल्या. इस्किलिपचे आतिफ होजा यांनी युरोपीय टोपीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, तीही कायद्याच्या आधी, १९२४ मध्ये. त्यांना फेब्रुवारी १९२६ मध्ये फासावर चढवलं. टोपीसाठी.

हे समजायला मराठी माणसाला जड जाऊ नये. आपल्या जुन्या कागदांत युरोपियनांना काय म्हणतात? टोपीकर. नाव-गाव नंतर, आधी टोपी. तुर्कांच्या लेखीही हॅटवाला म्हणजे फिरंगी, परधर्मी. शिवाय हॅटला कड असते, नमाजाच्या सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही. फेसला कड नाही, त्यामुळे ती अडचण नव्हती. गावकऱ्यांनी मग तोड काढली. पुढे चोच असलेली साधी कॅप घ्यायची आणि नमाजाला उभं राहताना चोच मागे करायची. शब्दशः टोपी फिरवली!

सरळसोट
हा हा. हे मात्र मान्य. टोपी फिरवण्याचा कायदा आपल्याकडे असता तर विधानसभेत जागा पुरली नसती.

खमंग_कांदा
राजकारण दुसऱ्या धाग्यावर, मालक.

चारमिनार_चहा
हैदराबादेतून लिहितोय, मराठी लिहायची सवय मोडलीय, सांभाळून घ्या. हिंदुस्थानातला भाग राहूनच गेला. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये विलायतेला गेले, आणि पुढे अलीगढच्या कॉलेजात काळा तुर्की कोट आणि लाल तुर्की टोपी हा पोरांचा गणवेश झाला. तिथूनच 'शिकलेला मुसलमान' म्हणजे तुर्की टोपी हे समीकरण बसलं. त्यांनाही तेव्हा घरच्याच लोकांनी ख्रिस्ती झाला म्हणून झोडपलं होतं. मग खिलाफतीच्या चळवळीत हीच टोपी तुर्कांच्या बाजूची खूण झाली. मला नेहमी हसू येतं ते पुढच्याचं. १९२४ च्या मार्चमध्ये अंकाराने खिलाफतच मोडली, १९२५ मध्ये टोपी बेकायदा केली. इथे आमचे लोक तुर्कांच्या प्रेमापोटी तीच टोपी घालून हिंडतायत, आणि ती घालून इस्तंबूलला उतरले असते तर पोलिसांनी धरलं असतं! १९३२ मध्ये अंकाराच्या मेजवानीत इजिप्तच्या राजदूताला खुद्द मुस्तफा कमालने तरबूश काढायला लावला, त्यावरून दोन देशांत चांगलंच वाजलं.

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या डोक्यावरची जुनीपुराणी टोपी तर प्रसिद्धच. त्यांच्या मुलाचं लग्न १९३१ मध्ये शेवटच्या खलिफाच्या मुलीशी, दुर्रुशेहवारशी, फ्रान्समध्ये नीसला झालं. त्या खलिफासाठी खुलताबादला तुर्की धाटणीची कबर बांधून ठेवली होती. ते १९४४ मध्ये पॅरिसला वारले, दफन मदिनेला झालं, खुलताबादची वास्तू तशीच उभी आहे. गोदाकाठची, तुमच्यापासून फार लांब नाही, बघून या.

वाळवंटी_कोकणी
आणि जिथून नाव आलं त्या मोरोक्कोत उलटंच. फ्रेंचांच्या अमलात लाल टोपी ही राष्ट्राभिमानाची झाली. आजही तिथल्या संसदेचं अधिवेशन राजा उघडतो तेव्हा खासदार पांढरा जलाबा, म्हणजे पायघोळ झगा, आणि लाल टोपी घालून बसतात. इस्तंबूलला मात्र आईस्क्रीमवाला ती घालून पर्यटकांना कोन देतो आणि हिसकावून घेतो. अमेरिकेत श्राइनर मंडळाचे गोरे आजोबा ती घालून मिरवणुकीत छोट्या मोटारी चालवतात, आणि मुलांची मोठी इस्पितळंही चालवतात. ग्रीसच्या अध्यक्षांच्या दारातले पहारेकरी बघा, लाल टोपी, लांब काळा गोंडा. तुर्कांशी लढून सुटलेला देश!

प्रागचा_पंत
मूळ धाग्याकडे येऊया. गोंडा कुठे गेला? माझा अंदाज, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाल्यावर आजोबांनीच तो तोडला असणार. टोपी टाकवली नाही, पण खूण पुसली. अशा वस्तूंत इतिहास असा दबून बसलेला असतो.

सरळसोट
शक्य आहे. पटतंय.

नीलनदी
कसरीसाठी: उन्हात तास-दोन तास ठेवा, कडक दुपारचं नको, रंग उडेल. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झटका. मग जाड पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर. डांबराच्या गोळ्या चामड्याला लागू देऊ नका. पाणी तर अजिबात नाही, आकार जाईल आणि तुमच्या गावात साचेवाला नाही. आतल्या बाजूला कागदाचा गोळा भरून ठेवा म्हणजे बसणार नाही.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशव्यांशेजारी आजोबांची टोपी आहे. नवऱ्याने सकाळी उघडून 'हे कुठलं कलिंगड' विचारलं.

गोंड्याचं कळलं. काल आत्याला फोन लावला, ती आता ८३ वर्षांची आहे, जालन्याला असते. पंतांचा अंदाज मी तिला वाचून दाखवला. आधी ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं तो मीच कापला." निजामाचं राज्य गेलं, ही टोपी खुंटीवरून उतरून कोनाड्यात आली, आणि आत्याच्या चिंधीच्या बाहुलीला केस नव्हते. रेशमी काळा गोंडा, आयती वेणी. आजीने धपाटा घातला, आजोबा म्हणाले राहू दे, आता कुठे घालायचीय. त्यांची नोकरी तीच, टेबल तेच, फक्त दुसऱ्या दिवसापासून काळी टोपी घालून जायचे, एवढं तिला आठवतं.

बाहुली आहे का विचारलं, तर म्हणे लग्नात सासरी नेली होती. वेणी अजून शाबूत आहे, चेहरा मात्र झुरळांनी खाल्ला. पुढच्या महिन्यात जालन्याला जाऊन फोटो काढून टाकते.